जज्जसाहेबांच्या टेबलावर निळ्या झाकणाचं भांडं

पाइनफर्ड, कंटकी
रविवार, चर्चमधून आल्यावर

माझी एकुलती एक धाकटी बहीण ग्लेनिस हिला,

थोरल्या वाइल्डाकडून पोतंभर माया आणि वर आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे देवदयेनं बरी आहोत. तुझ्या भावोजींना ऐकू कमी येतं असं डॉक्टर म्हणतात, पण मी स्वयंपाकघरात केक कापला की मागच्या शेडमधून बरोबर ऐकू येतं, तेव्हा मी काळजी सोडून दिलीय. हे पत्र मी पोस्टात न टाकता त्यांच्याच हाती पाठवतेय, कारण पोस्टातली बाई पाकीट उजेडाला धरून बघते हे तुलाही ठाऊक आहे. त्यांना आधी बसव, कॉफी दे, सोबत दिलेलं भांडं ओव्हनमध्ये कोमट कर आणि मग हे वाच. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली काय आहे ते विचारू नकोस. त्यांना विचारलंस तरी त्यांना माहीत नाही, बांधलं मी.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू देतो का? देत असेल तर वरच्या दोन्ही खोल्यांत अजून सकाळचं ऊन येतं ना? आणि ती वर-खाली झोपायची लाकडी खाट, तुझ्या एल्विनने केलेली (देव त्याला स्वर्गात सुखात ठेवो, माणूस सोन्यासारखा, पण खिळे गरजेपेक्षा जास्त मारायचा), ती आहे का चर्चच्या सेलमध्ये दिलीस? मी आपलं सहज विचारतेय. कोंबड्या अंडी देतात ना? त्यांचीही चौकशी केली म्हणजे झालं.

आता मुख्य बातमी. तुझी बहीण कोर्टात लागली. पगार नाही, पण बिल्ला आहे.

झालं असं, की पाद्रीबुवांनी एका रविवारी सांगितलं, की जी पोरं सरकारनं आईबापांकडून काढून परक्या घरी ठेवलेली असतात, त्यांच्या बाजूनं कोर्टात बोलायला माणसं हवीत. मला वाटलं कोर्टात पोरांना बिस्किटं वाटायची असतील. म्हणून मी हात वर केला, आणि तो खाली घ्यायच्या आत माझं नाव लिहून झालं. मग कळलं की बिस्किटांचा काही संबंध नाही. एकेका पोराला एकेक माणूस द्यायचा, त्यानं पोराला नेमानं जाऊन भेटायचं, शाळेत विचारायचं, घरात बघायचं, आणि जज्जसमोर उभं राहून सांगायचं की याचं भलं कशात आहे. मी म्हटलं, मी सहावीत शाळा सोडली, मला कोण उभं करतंय. तर आम्हाला शिकवायला नेमलेली नोरीन म्हणाली, "वाइल्डाआजी, डोळे आहेत, कान आहेत, खोटं बोलायची सवय नाही, अजून काय लागतं?" (खोट्याचं तिला कोणी सांगितलं कोण जाणे. मी गप्प बसले.)

शिकवणी वाचनालयाच्या तळघरात होती. नोरीन आपल्या धाकट्या नातीएवढी, पण नियम सांगायला लागली की आपल्या आईची आठवण यावी. पोरांना आपल्या घरी न्यायचं नाही. आपल्या गाडीत बसवायचं नाही. त्यांना काही वचन द्यायचं नाही. भेटवस्तू द्यायच्या नाहीत. त्यांची नावं बाहेर कुणाला सांगायची नाहीत. आणि पोरं आपल्याच नात्यागोत्यात ठेवली गेली, तर आपण या कामातून बाहेर, कारण आपल्याच बहिणीच्या घराबद्दल कोण खरं सांगणार. मी विचारलं, "मग करायचं तरी काय?" ती म्हणाली, "बघायचं, ऐकायचं आणि खरं सांगायचं." ग्लेनिस, साठ वर्षं मी या गावात बघतेय, ऐकतेय आणि सांगतेय, आणि सगळे मला चोंबडी म्हणत आलेत. आता त्याच कामासाठी जज्जसाहेबांनी माझा उजवा हात वर करवून शपथ घेतली. आपल्या आईनं बघायला हवं होतं.

बिल्ल्यावर माझा फोटो आहे. फोटोत मी पकडून आणलेल्या बाईसारखी दिसते, पण नाव ठळक आहे. मी तो दुकानात लावते, चर्चमध्ये लावते, आणि मागे एकदा दातांच्या डॉक्टरकडेही लावून गेले, तर तो उगाचच जपून वागला. तुझे भावोजी म्हणतात, "अगं, झोपताना तरी काढ, टोचतो." लावलाय मी, टोचतो यांना.

मला दोन बहिणी दिल्यात. नावं सांगायची नाहीत, म्हणून मी त्यांना मोठी आणि धाकटी म्हणते. (भावोजींना नावं सांगितलीत, पण ते मी सांगितलेलं काहीच ऐकत नाहीत, त्यामुळे ती गुप्तच आहेत.) मोठी नऊ वर्षांची आणि धाकटी पाच. आई नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली, या खोऱ्यात अर्ध्या घरांचं जे झालं तेच. आता ती लांबच्या दवाखान्यात आहे, त्यातून सुटायचं म्हणतेय, आणि आठवड्याला फोन करून एवढंच विचारते की दोघी एकत्र आहेत का. नाहीत. दोघींना घेईल असं एक घर मिळालं नाही. धाकटी इथं स्टॅम्परबाईंकडे (हे नाव वाच आणि विसर), आणि मोठी डोंगराच्या पार तिकडे, दुसऱ्या घरी, जिथं आधीच पोरं भरलेली आहेत.

आता धाकटीचं ऐक. तिचे केस. तिच्या केसांना मोठीनंच हात लावायचा असा त्या दोघींचा कायदा आहे. आई पडून असायची तेव्हापासून मोठीच तिच्या दोन वेण्या घालायची, आणि वेण्या घालताना दिवसभरात काय करायचं ते तिला सांगायची. शाळेत रडू नकोस, दूध सगळं पी, असलं. दोघींना वेगळं केलं त्या दिवसापासून धाकटीनं कुणाला कंगवा लावू दिलेला नाही. स्टॅम्परबाई चांगली बाई आहे गं, तिनं गोडीगुलाबीनं सांगून बघितलं, रंगीत क्लिपा आणून बघितल्या, पोरगी टेबलाखाली जाऊन बसते. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा टेबलाखालूनच बोलली. मीही खाली बसले. (उठायला स्टॅम्परबाई आणि तिचा नवरा दोघं लागले.) मी म्हटलं, "अगं, केसांत चिमणीचं घरटं झालंय की." तर म्हणाली, "असू दे. ती येईल ना, तिला काम नको का?"

वचन द्यायचं नाही असा नियम आहे. मी म्हटलं, "हो, काम तर बरंच दिसतंय."

आता भांड्याचं सांगते, कारण ते तुझ्या कानावर वेगळ्याच रूपात आलं असेल. माझं ते निळ्या झाकणाचं काचेचं भांडं, खाली चिकटपट्टीवर माझं नाव लिहिलेलं, तुला माहीतच आहे. दुसऱ्या भेटीला मी त्यातून कोंबडीच्या रश्श्यातले मैद्याचे गोळे घेऊन गेले. भेटवस्तू द्यायची नाही हा नियम मी विसरले नव्हते. पण भेट म्हणजे दिलं ते दिलं. खाली नाव लिहिलेलं भांडं परत यायचंच असतं, मग ती भेट कशी? एखाद्या घरात पोरांचं जेवण वाढलं असताना हात हलवत जायचं, हे मला शपथेनंही जमलं नसतं. धाकटीनं टेबलाखाली बसून दोन वाट्या खाल्ल्या.

पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही, आपल्या गावाचा आहे. स्टॅम्परबाईंना भांडं रिकामं परत करवेना. त्यांनी त्यात केळ्याचं पुडिंग केलं आणि बालखात्याच्या मिस ड्रेपर त्यांच्याकडे आल्या होत्या त्यांच्या हाती दिलं, की वाइल्डाबाईंना पोचवा. मिस ड्रेपर म्हणजे ती पोरगी जिच्या गाडीच्या मागच्या सीटवर कायम कुणाच्या तरी कपड्यांची पिशवी असते. तिला एकाच वेळी तीन ठिकाणी जायचं होतं, म्हणून तिनं भांडं कोर्टातल्या कारकुनांच्या फ्रिजमध्ये ठेवलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात जज्ज हॉलिफिल्डसाहेबांची सासू वारली. आता तूच सांग. ऑफिसात कुणाकडे मयत झालेलं, आणि फ्रिजमध्ये नाव लिहिलेलं झाकणाचं भांडं. कारकुनांनी काय समजावं? मयताच्या घरी पाठवायचं जेवण समजून त्यांनी ते जज्जसाहेबांच्या घरी पोचवलं.

तर परवा सुनावणी. मी निळा झगा घातला, बिल्ला लावला, नातीकडून टाइप करून घेतलेला अहवाल पर्समध्ये. आत गेले, बघते तर जज्जसाहेबांच्या उंच टेबलावर, त्यांच्या हातोड्याशेजारी, माझं भांडं. साहेब आले तसे सगळे उठून उभे राहिले, मला मात्र बसावंसं वाटत होतं.

साहेबांनी चष्मा लावला, भांडं वर उचलून खालची पट्टी वाचली आणि विचारलं, "वाइल्डा मे कॉम्ब्स कोण?"

मी म्हटलं, "मी साहेब. आणि तुमच्या सासूबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं."

साहेब म्हणाले, "आभारी आहे. आता मला हे कागदावर घ्यावं लागणार, की या खटल्यातल्या एका व्यक्तीनं पाठवलेलं केळ्याचं पुडिंग मी अजाणतेपणी खाल्लं. दोनदा." आणि मग त्यांनी एकेका वकिलाला विचारलं की तुमची काही हरकत आहे का. खात्याचा वकील म्हणाला, हरकत नाही. आईचा वकील म्हणाला, हरकत नाही, पण उरलंय का? नोरीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. रडत होती की हसत, ते मला अजून सांगत नाही.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण ग्लेनिस, शपथ घेतलेली, आणि ते पुडिंग माझं नव्हतंच. अख्ख्या कोर्टासमोर माझ्या नावावर लागलं असतं. मी उठून सांगितलं, की साहेब, मी पुडिंगात इतकी साखर घालत नाही, आणि माझं पुडिंग असं पातळही होत नाही, मी फक्त कोंबडी पाठवली होती, आणि तीही पोरांना. त्यावर साहेबांनी भांड्याचं झाकण नीट दाबून बसवलं. मग म्हणाले, "कॉम्ब्सबाई, यापुढे कुणालाही काहीही भांड्यातून नको." आणि भांडं त्यांनी शिपायाकडून माझ्याकडे दिलं. जड लागलं. आत बघते तर हॉलिफिल्डबाईंचं मक्याचं पुडिंग. त्यांनाही ते रिकामं परत करवलं नव्हतं.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता बिल्ला गेला. पण साहेबांनी विचारलं, "पोरींबद्दल सांगा." अहवाल काढला तर चष्मा घरी. मग मी तसंच सांगितलं. घरट्याचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं, आणि मोठी तिकडे बाहुलीच्या केसांच्या वेण्या घालून सोडते आणि परत घालते तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. मिस ड्रेपर खाली बघत होती. साहेब म्हणाले, "मी दोघींना एकत्र ठेवायचा हुकूम आत्ता देतो, बाई. पण ठेवू कुठे? हुकुमाला खोल्या नसतात."

मिस ड्रेपरनं उभं राहून सांगितलं, की तिनं सगळ्या घरांना फोन केले, दोघींना कुणी घेत नाही, आणि मोठी जिथं आहे तिथंही आता जागा होत नाही. पुढच्या सुनावणीपर्यंत घर मिळालं नाही, तर मोठीला पार लेक्सिंग्टन शहराच्याही पलीकडे, मुलींच्या एका मोठ्या संस्थेत पाठवावं लागेल. पुढची सुनावणी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शुक्रवारी. बाहेर गाड्यांपाशी तिनं मला गाठलं आणि विचारलं, "वाइल्डाआजी, तुम्ही तर सगळ्यांना ओळखता. आहे का कोणी?"

जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी गावाची माहिती विचारली आणि मी तोंड मिटून गाडीत बसले. तुझ्या भावोजींनी चर्चचं वळण आल्यावर रेडिओ बंद केला आणि विचारलं, "अगं, बरं नाहीये का?" मी म्हटलं, विचार करतेय. ते म्हणाले, "मग कुणाला तरी महागात पडणार."

असो. फार लिहिलं. हवा थंड पडायला लागलीय, गुडघ्याला फ्लॅनेल बांध. कोंबड्यांना माझा नमस्कार सांग. पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर मोठी बहीण म्हणून सोडून दे. तू थोरली असतीस तर रागावायचा हक्क होता... पण तू धाकटीच आहेस, तेव्हा सोडावंच लागेल.

तुझी,
वाइल्डाताई
(कोर्टाची शपथ घेतलेली)

ता. क. खाटेचं मी सहज विचारलं नव्हतं. ताडपत्रीखाली दोन गाद्या आहेत, नव्या. भावोजींना वाटतंय ते तुझी पन्हळ दुरुस्त करायला आलेत. तीही करून घे, शिडी आणलीय.

ता. क. चिडू नकोस आणि पत्र खाली ठेवू नकोस, अजून आहे. मला माहीत आहे, सरकारनं काढलेली पोरं घरी ठेवायची परवानगी तू दरवर्षी नवी करून घेतेस आणि म्हणतेस की विसरून होते. मला हेही माहीत आहे, की तू आधी सांभाळलेली ती पोरगी तिच्या आईकडे परत गेली तेव्हा एल्विनच्या मयतीला रडली नाहीस इतकी तू रडलीस आणि म्हणालीस, "ताई, आता पुरे." मी तुला सांगणार नाही की या दोघी जाणार नाहीत. त्या जातील. आई सुटली त्यातून तर जातील, आणि ती सुटावी म्हणून मी आणि तू रोज प्रार्थना करायची, आणि देवानं ऐकलं की परत रडायचं. खरं सांगायची शपथ घेतलीय ना, आता सवय लागली. पण मोठी लेक्सिंग्टनपलीकडे गेली, तर ते घरटं कुणी सोडवणार नाही. शेवटी कुणीतरी कात्री लावेल.

ता. क. तू हो म्हणालीस तर त्याच दिवशी मला बिल्ला नोरीनला परत द्यावा लागेल. बहिणीचं घर, नियम म्हणजे नियम. दुसरं कुणीतरी येऊन तुझ्या स्वयंपाकघरात डोकावेल आणि जज्जला सांगेल, आणि त्याला तू खुशाल नावं ठेव. मला बिल्ल्याचं वाईट वाटेल हे लपवत नाही. फोटो वाईट होता, पण तसा मान मला परत कोण देणार? मात्र मी मग कोर्टाची कुणीच नसेन. नुसती मावशी. मावशीला गाडीत बसवता येतं, घरी आणता येतं, आणि जेवायला किती वाढायचं याचा तिला कुणीही नियम घालून दिलेला नाही. मी विचारून आले.

ता. क. उत्तर लिहायचा त्रास घेऊ नकोस, तुला लिहिताना हात दुखतो. नाही असेल तर निळ्या झाकणाचं भांडं भावोजींकडे परत दे. एकदा रिकामं दिलंस तरी चालेल, मी मनात काही धरणार नाही, आणि गाद्या माझ्या शेडमध्ये राहतील. हो असेल तर भांडं तुझ्याकडेच ठेव. दोन पोरींना पुरेल एवढं आहे, मी भरून बघितलंय. त्यांची नावं भावोजींना विचार. कधी नव्हे ते त्यांच्या लक्षात आहेत, काल जेवणाआधीच्या प्रार्थनेत घेतली.

ता. क. (हा शेवटचा) भांडं धुताना खाली बघशीलच, म्हणून आधीच सांगते. माझ्या नावाची पट्टी मी काढलीय आणि तुझ्या नावाची लावलीय. नाही म्हणणार असशील तर खरवडून काढ. पण या वेळी मी ती भावोजींची छप्पर चिकटवायची पट्टी वापरलीय, तेव्हा निघायची नाही.